शिंक्यातला स्टोव्ह

आमच्या घरात लग्नं झाली, वाटण्या झाल्या, भावानं मिलची नोकरी सोडली आणि नाक मुठीत धरून परत धरली; पण या कशावरून झालं नाही एवढं भांडण एका स्टोव्हवरून झालं. तोही घरातला स्टोव्ह नाही, नावेतला. कोणाला सांगितलं तर हसतात. हसा बापा, हसायला काय जातं. बल्लारपूर म्हणजे कोळशाचं आणि कागदाचं गाव. तिथले लोक नदीकडं जातात ते मयताला, नाहीतर पोहायला पळालेल्या पोट्ट्यांना कान धरून आणायला. अशा गावात आमची स्वतःची शिडाची नाव होती, आणि त्या नावेत कशावर रांधायचं यावर आमचा अख्खा हिवाळा गेला. माझी सून इंडक्शनचं बटण दाबता दाबता मला विचारते, "आई, खरंच नाव होती का हो तुमची?" होती म्हणून तर हे लिहायला बसले.

बाबा पेपर मिलमध्ये सुतार होते. त्यांचं मूळ गाव प्राणहितेच्या काठावरचं. लहानपणी त्यांनी तिथं तेलुगू मुलखातून वर येणाऱ्या शिडाच्या नावा पाहिल्या होत्या. त्या नावांचं वेड त्यांच्या डोक्यातून बल्लारपूरच्या भोंग्यानंही गेलं नाही. सकाळी भोंगा झाला की डबा घेऊन निघणारा हा माणूस रविवारी मात्र कोणाचा नसायचा. राजुऱ्याकडच्या एका ढिवराची, म्हणजे नदीत मासे धरणाऱ्याची, जुनी नाव त्यांनी आणली आणि रविवार-रविवार करत ती उभी केली. कुजलेल्या फळ्या बदलल्या, तळाला डांबर दिलं, मधोमध बांबूच्या तट्ट्याचं कमानीसारखं छप्पर केलं आणि त्याच्या दोन्ही तोंडांना ताडपत्रीचे पडदे लावले. शीड मायनं शिवलं. दुहेरी मांजरपाट, हातमशीन आणि तोंडात दोरा. शेजारच्या बायका विचारायच्या, "काय शिवून राह्यली वं, तंबू?" माय म्हणायची, "हो, सर्कस काढून राह्यलो आमी." नाव केवढी? तीन बाजा एकापुढं एक ठेवल्या तर जेवढ्या होतील तेवढी लांब आणि रुंदीला एक बाज आडवी मावेल न मावेल अशी. आमच्या डोळ्यांना ती आगबोट होती.

बेत असा होता, की दिवाळीनंतर नदी निवळली की आम्ही चौघं, म्हणजे बाबा, माय, माझा मोठा भाऊ सुधाकर आणि मी, बल्लारपूरहून वर्धा नदीनं निघायचं. पुढं वैनगंगा येऊन मिळते, तिथून तिचं नाव प्राणहिता होतं, आणि प्राणहितेनं खाली खाली गेलं की सिरोंचा. सिरोंच्याला माझी मावशी दिली होती. मायची एकुलती एक बहीण. दोघींची भेट कुठं, तर कोणाच्या तेरवीला नाहीतर लग्नाला, तीही घाईत. तेव्हा सिरोंच्याची बस म्हणजे हाडं खिळखिळी करणारा प्रकार, आणि पावसाळ्यात रस्ताच बंद. नावेनं गेलो तर निवांत जाऊ, मावशीकडं राहू, आणि नाव तिथंच कोणाला तरी देऊन बसनं परत येऊ. पण संक्रांत आली की पाणी उतरतं, रेती वर येते, आणि नाव डोक्यावर घेऊन चालावं लागेल. म्हणजे जे करायचं ते दिवाळी आणि संक्रांतीच्या मधल्या दिवसांत.

बाबांचं म्हणणं साधं होतं. दिवसभर चालायचं, संध्याकाळी काठाला लागायचं, तीन दगड मांडायचे, भात टाकायचा. यावर माय भाकरीचं पीठ मळता मळता थांबली. तांदळाच्या भाकरीचं पीठ होतं, उकड गरम होती, तिचे हात लाल झाले होते.

"मी नाई काठावर उतरून रांधणार," ती म्हणाली. "तुमी नावेत बसून नदी पायसान, अन् मी उतरून काटक्या येचू? त्यापेक्षा मी घरीच बरी."

"मंग नावेत रांधतेस का?"

"हो, नावेतच रांधीन. लगन झालं तवापासून भिताडाकडं तोंड करून रांधून राह्यली मी. मागं कोन आलं, कोन गेलं, आवाजावरून समजते मले. एक डाव तरी मले समोर काहीतरी चालताना रांधाचं हाय जी. नदी चालली पायजे, झाडं चालली पायजे, अन् माहा भात शिजला पायजे."

बाबा तिच्याकडं पाहतच राहिले. आम्हीसुद्धा. एवढं लांब बोलणं मायच्या तोंडून आम्ही फक्त भाजीवाल्याशी घासाघीस करतानाच ऐकलं होतं. आमचं क्वार्टर दीड खोलीचं, त्यातल्या अर्ध्या खोलीत ओटा नव्हे, ओट्यासारखी एक पायरी, आणि ती भिंतीला चिकटून. त्या भिंतीवर मायच्या डोक्याच्या उंचीला एक काळा गोल डाग पडला होता, धुराचा आणि तेलाचा. मी तोवर कधी विचारही केला नव्हता, की रोज सकाळ-संध्याकाळ माय पाहते ती एवढीच जागा. आता मी रिटायर झाले, माझ्या स्वयंपाकघराला खिडकी आहे, खिडकीबाहेर शेवग्याचं झाड आहे. कधीकधी फोडणी देताना मायचं ते बोलणं आठवतं.

तर मायला नावेत स्वयंपाक हवा होता, आणि बाबांनीही हो म्हटलं. मग स्टोव्हचा शोध सुरू झाला. स्टेशनच्या रस्त्यावर रहीमचाचाचं दुकान होतं. स्टोव्ह, कंदील, डबे, कुलपं, जे पत्र्याचं-पितळेचं ते चाचाकडं. माणूस दिलदार, पण बोलण्यात कोणाला ऐकणार नाही. चुकला तरी अशा ठसक्यात चुकायचा, की समोरच्यालाच वाटावं आपलं काहीतरी चुकलं. पहिल्यांदा त्यानं पंपाचा पितळी स्टोव्ह दिला. "भाभी, ये लो. असा स्टोव्ह पूर्‍या चांदा जिल्ह्यात नाई भेटनार. समुंदर में जहाज पे चलता है."

तू समुद्र पाहिला का, असं कोणी त्याला विचारलं नाही. नदीवर नेऊन स्टोव्ह पेटवला. आवाज असा, की बाबा ओरडून बोलायला लागले. मायनं त्यावर गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी ठेवलं, आणि तेवढ्यात सुधाकर नावेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं गेला. नाव कलली, गंज सरकला, स्टोव्ह भडकला आणि ताडपत्रीच्या कडेला धूर निघाला. बाबांनी स्टोव्ह उचलून सरळ नदीत बुडवला. माय म्हणाली, "हा स्टोव्ह हाय का आगगाडीचं इंजन?" चाचानं नंतर सगळा दोष सुधाकरवर टाकला.

मग वातीचा स्टोव्ह आला. तो बिचारा गरीब. पण वारा आला की वाती कलायच्या, काजळी धरायच्या, अर्ध्या विझायच्या, आणि भाताला रॉकेलचा वास लागायचा. बाबा म्हणाले, "मले तं वास येत नाई." माय म्हणाली, "तुमाले मिलच्या वासानं दुसरा वास उरला हाय का?" यातून जी ठिणगी पडली ती घरभर. बाबांना तो वातीचा स्टोव्ह पसंत होता, कारण हलका आणि स्वस्तात भागणारा. मायला तो नको होता, नको म्हणजे नको. दोघं एकमेकांशी बोलेनात. घर केवढं, तर दीड खोली, आणि त्यात निरोप माझ्यामार्फत. "बेबी, तुह्या बाबाले सांग, जेवण वाढलं." "बेबी, तुह्या मायले सांग, मले भूक नाई." "बेबी, तुह्या बाबाले सांग, भूक नसन तं लाखोळीचे वडे कुत्र्याले टाकते." एवढं ऐकल्यावर बाबा मुकाट पाटावर बसायचे. लाखोळीच्या डाळीचे वडे आणि कढी असली, की त्यांचा राग आंघोळीच्या पाण्यासारखा निवायचा.

शेवटी मायनंच सांगितलं, "सिगडी नेऊ."

हे ज्यांनी कोळशाच्या पट्ट्यात दिवस काढले नाहीत त्यांना थोडं सांगावं लागेल. आमच्याकडं तेव्हा घराघरात दगडी कोळशावर स्वयंपाक. जुनी बादली घ्यायची, खाली झरोका कापायचा, आत माती लिंपायची, मधे सळया. झाली सिगडी. संध्याकाळी सगळ्या बायका आपापल्या सिगड्या दारासमोर ठेवून गोवरीवर पेटवायच्या. गल्लीत असा धूर व्हायचा, की समोरून येणारा नवरा आपला की शेजारणीचा, हे खोकल्यावरून ओळखावं. मग कोळसा धुराचा भाग सोडून द्यायचा, लालबुंद व्हायचा, आणि सिगडी उचलून घरात. धूर गेला की सिगडी घरात, हा आमचा कायदा. आईनं मुलीला आणि सासूनं सुनेला शिकवलेला. थंडीत तर स्वयंपाक झाल्यावरही ती खोलीतच राहायची, तिच्या उबेला आम्ही अभ्यास करायचो. वर कवेलूंचं छप्पर, खाली दाराला फटी, भिंतीला भोकं. त्या फटींनीच आम्हाला जिवंत ठेवलं होतं, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

रहीमचाचानं छोट्या बादलीची सिगडी बनवून दिली. तळ रुंद, म्हणजे कलंडणार नाही, आणि वर कठडा, म्हणजे गंज सरकणार नाही. "कोयला बेस्ट है, भाभी," तो म्हणाला. "बल्लारपुरात राहून रॉकेल कायले जाळता?" बाबा कुरकुरले, पण मायचा चेहरा पाहून त्यांनी पैसे काढून दिले. तिनं त्या रात्री सिगडी शेणामातीनं लिंपून घेतली, वरून हात फिरवून फिरवून गुळगुळीत केली. नव्या नवरीसारखी तिची तयारी चालली होती. जवसाची चटणी कुटून झाली, सुके झिंगे भाजून डब्यात भरले, मावशीला न्यायचं लुगडं तिनं ट्रंकेतून काढून उन्हात टाकलं.

निघायच्या आधी एक डाव नावेत जेवू, असं ठरलं. मार्गशीर्षातली संध्याकाळ होती, नदीवर बोचरा वारा. नाव काठाला बांधलेली. मायनं काठावर सिगडी पेटवली, धूर जाऊ दिला, कोळसे लाल झाले तेव्हा आत नेली. वाऱ्यानं कोळसे राखाडायला लागले म्हणून तिनं दोन्ही बाजूंचे पडदे सोडले आणि खालून दोऱ्या बांधून टाकल्या. आत जाताना बाबांशी तिची पुन्हा थोडी झालीच. बाबा म्हणाले, "अंदर एवढी घुसमट करून बसशीन, मंग नदी कशी दिसन तुले?" ती म्हणाली, "आधी भात तं होऊ द्या, मंग पायतो नदी. सगळ्यातच बोट घालू नोका." आणि पडदा ओढून घेतला.

मी आणि सुधाकर रेतीवर काटक्या पेटवून शेकत होतो. बाबा शिडाची दोरी सारखी करत होते. थोड्या वेळानं त्यांनी हाक मारली, "झालं का वं?" उत्तर नाही. पुन्हा मारली. उत्तर नाही. बाबा आमच्याकडं पाहून हसले, "रुसली तुमची माय. बसू दे." आणि रेतीवर उकिडवे बसून त्यांनी बिडी पेटवली. आम्हीही हसलो, कारण माय रुसली की असंच करायची, हाकेला ओ देत नसे. बाबांनी बिडी ओढली, विझवली, उठले, नावेत चढले आणि पडद्याची दोरी सोडली.

त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आयुष्यात पुन्हा ऐकला नाही. माय सिगडीच्या बाजूला एका कुशीवर पडली होती, हातात पळी. चेहरा कसा, तर झोपेत असावा तसा, उलट जरा जास्तच तांबूस. धूर नाही, जळका वास नाही, काही नाही. भात शिजून खदखदत होता. बाबांनी तिला दोन्ही हातांवर उचलली, पाण्यातून धडपडत काठावर आणली आणि रेतीवर ठेवून तिच्या गालांवर मारायला लागले, "ए... ए... उठ न वं... उठ न..." सुधाकर नदीचं पाणी आणून तिच्या तोंडावर मारत होता. मी नुसती ओरडत होते. किती वेळ गेला कोण जाणे. मग ती ओकली, खोकली, तिनं डोळे उघडले आणि सगळ्यात आधी काय विचारावं?

"भात उतरवला का?"

बाबा रेतीवर बसून लहान पोरासारखे रडले. दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, की हा कोळशाचा वायू, याला ना रंग ना वास, बंद जागेत माणसाला झोप लागते आणि तो उठतच नाही. हे ऐकून बाबांनी घरातली सिगडीही अंगणात काढली. त्या थंडीत आम्ही कुडकुडलो, पण ती आत आली नाही. गल्लीतल्या बायकांना मात्र डॉक्टरचं पटलं नाही. कसं पटावं? त्यांच्या घरात त्याच घडीला सिगड्या होत्या आणि त्या जिवंत होत्या. त्यांनी सगळं नदीवर ढकललं. "नदीले बाई पायजे होती," एक म्हणाली. "नाव सुभाची नाई," दुसरी म्हणाली. आम्ही जयभीमवाली माणसं, शुभ-अशुभ मानत नाही असं बाबा चारचौघांत ठासून सांगायचे. तेही त्या बोलण्यावर गप्प बसले.

आणि माय? तिचं डोकं आठ-दहा दिवस दुखलं. पण त्या दुखऱ्या डोक्यात स्टोव्हच चालू होता. एका दुपारी ती मला घेऊन रहीमचाचाकडं गेली आणि सोबत काय नेलं, तर घरातलं शिंकं. दुधाचं भांडं मांजरापासून वाचवायला आढ्याला टांगायचो ते.

"भाऊ, हे पाय," तिनं शिंक्यात तांब्या ठेवला आणि वरून हात डावी-उजवीकडं कलवला. "हात हालला, पण तांब्यातलं पानी सांडते का? वातीचा स्टोव्ह असा टांगून दे मले. साखळीत. नाव हालली तं हालू दे, स्टोव्ह आपला सीधाच राहीन. अन् भवताली पत्र्याची आड करून दे, वाऱ्याची. छपराच्या बाहेर, मोकळ्यात टांगणार हाय मी."

"पन भाभी, राकेल का बास?"

"बंद जागेत वास भाताले धरते. मोकळ्यात वास कुठी थांबते? हे मले आधी सुचलं असतं तं..."

चाचानं शिंकं तिच्या हातातून घेऊन स्वतः दोनदा कलवून पाहिलं. अर्थात दुसऱ्या मिनिटाला तो म्हणाला, "हेच तर मैं कहने वाला था." परवा माझ्या नातवानं मोबाईलवर मला परदेशातल्या शिडाच्या बोटी दाखवल्या. त्याला असल्या गोष्टींचा नाद आहे. त्यांच्या इवल्याशा स्वयंपाकघरात स्टोव्ह दोन खिळ्यांवर झुलता ठेवतात, बोट कितीही कलली तरी तो सरळ. नातू म्हणाला, "आज्जी, काय डोकं आहे ना यांचं!" मी म्हटलं, हो रे बाबा, काय डोकं आहे. आणि आत जाऊन बसले. माझ्या चौथी शिकलेल्या मायनं बल्लारपूरच्या स्टेशन रोडवर उभं राहून तेच सांगितलं होतं, पण सांगायचं कोणाला.

स्टोव्ह झाला. मायनं आम्हाला सांगितलं, उद्या दुपारी सगळ्यांनी नदीवर जेवायला यायचं. बाबांनाही सांगितलं, माझ्यामार्फत नाही, स्वतः समोर बसून. बाबा "पाहू" म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती आमच्याआधीच सुधाकरला घेऊन गेली. मी आणि बाबा पोचलो तेव्हा नाव काठापासून दोरीभर आत, माय नावेच्या पुढच्या टोकाला बसलेली, आणि तिच्यासमोर साखळ्यांवर स्टोव्ह झुलत होता. पत्र्याच्या आडोशात निळी ज्योत, कलत नव्हती की फडफडत नव्हती. सुधाकर मुद्दाम नाव हलवत होता, भाताचा गंज आपल्या जागी. तिनं पलीकडच्या काठाकडं तोंड केलं होतं. पाणी चाललं होतं. वरून बगळे गेले, तर ती पळी हातात धरून मान वर करून त्यांच्याकडं पाहत राहिली. खोटं कशाला सांगू, मायला एवढं खूश मी आयुष्यात कधीच पाहिलं नाही. ना माझ्या लग्नात, ना नातू झाला तेव्हा.

सुधाकरनं दोरी ओढून नाव काठाला लावली. "या जी, जेवाले," मायनं हाक दिली.

बाबा पुढं गेले. एक पाय उचलून त्यांनी नावेच्या काठावर ठेवला. नाव जराशी दबली. बाबांची नजर त्या तट्ट्याच्या छपराकडं गेली आणि ते तसेच थांबले, एक पाय नावेत, एक रेतीत. मग त्यांनी पाय काढून घेतला. "तूच आण इकडं," ते म्हणाले.

माय ताट घेऊन खाली उतरली. दोघं रेतीवर बसली, आम्ही जरा बाजूला. भात आणि झिंग्यांचं कालवण. बाबांनी कालवलं, घास खाल्ला.

"भात मोकळा झाला," ते म्हणाले.

"झाला न? वास येऊन राह्यला का?"

"नाई. अजिबात नाई."

"मंग परवा निघू न जी? पानी उतरून राह्यलं. आता निघालो नाई तं रेतीच लागन."

बाबांनी घास हातातच ठेवला. मग खाली मान घालून म्हणाले, "त्या दिसी मले वाटलं तू रुसली. मी बिडी पेटोली वं. तू अंदर तशी पडून, अन् मी बिडी सरेपर्यंत बसून राह्यलो. हासलो पोरांसंग." त्यांनी डोळे पुसले, ताटाच्याच हातानं. "तूनं स्टोव्ह बनोला, मस्त बनोला. तुही काई चूक नाई. पन माह्यानं आता त्या नावेत पाय नाई टाकवत."

मला आता वाटतं, तेव्हा कोणीतरी बोलायला पाहिजे होतं. सुधाकर होता, तो नाव चालवू शकत होता. ढिवरांपैकी कोणाला तरी सोबत घेता आलं असतं. बाबा बसनं सिरोंच्याला पोचले असते आणि माय नदीनं. इतकी साधी गोष्ट. पण हे त्या वेळी कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. बाई आपल्या नवऱ्याला काठावर ठेवून नदीनं जाईल, हा विचारच आमच्याकडं नव्हता. बहुतेक मायकडंही नव्हता. ती मावशीला भेटली ती पुढं कितीतरी वर्षांनी, बसनं, आणि तेव्हा आजारपणानं मावशीची वाचा गेली होती.

मायनं नावेकडं पाहिलं. स्टोव्ह अजून पेटलेला होता. मग तिनं बाबांच्या ताटात आणखी भात वाढला, वर कालवण घातलं.

"नाव इकून टाका मंग," ती म्हणाली. "जेवा आता. थंड होऊन राह्यलं."

आणि उठून, पाण्यात पाय टाकत नावेपर्यंत जाऊन, तिनं वाती खाली केल्या.

आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बाबांनी त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवण केलं. घरी येताना ते मायशी इकडचं-तिकडचं बोलत होते, तिच्या हातातलं भांड्यांचं गाठोडं त्यांनी आपल्या खांद्यावर घेतलं होतं. गल्लीतल्या बायका दारात येऊन म्हणाल्या, बरं केलं बाई, सुटली एकदाची. सुधाकर स्टेशनवरून गरम जिलेबी घेऊन आला. आम्ही ती कागदातूनच खाल्ली, बोटं चाटत, एकमेकांच्या हातातली ओढत. मायनंही खाल्ली. तेवढा आनंद आमच्या घरात नंतर क्वचितच झाला. आणि तो माय कुठं जाणार नाही याचा होता.